मागची भिंत

चांगली भिंत ती, जी कुणाच्या लक्षात राहत नाही, असं ताईचं मत. "मागचं मागेच राहिलं पाहिजे," ती म्हणायची. "लोकांनी बाहुली बघावी आणि घरी जावं. भिंत आठवत राहिली तर समज, तुझं काहीतरी चुकलं." मला ते पटायचं. मी ग्रंथालयाच्या बांधणी विभागात नोकरी केली. पुस्तकाची बांधणी कोण बघतो? पान सुटलं तरच बघतात.

ताई माझ्याहून बरीच मोठी. बायकांचे कपडे शिवणाऱ्या एका दुकानात ती वर्षानुवर्षं बसली, आणि दुकान सुटल्यावर बाहुल्यांचे कपडे शिवायला लागली. लहान मुलींच्या गुबगुबीत बाहुल्या नव्हेत. उंच मानेच्या, लांब पायांच्या, दीड वीत उंचीच्या फॅशनच्या बाहुल्या. त्यांचे झगे, कोट, हातमोजेसुद्धा. भावजी गेल्यावर मी माझं सामान, म्हणजे पुस्तकं, घेऊन तिच्याकडे राहायला आलो. खोके वर चढवणाऱ्या हमालाला ती म्हणाली, "जपून हो, त्यात वाळवी आहे." तेव्हापासून घरात माझं नाव वाळवी.

एक दिवस तिने नव्या कोटातली बाहुली टेबलावर उभी केली आणि लांबून बघितलं. मागे धुण्याची बादली दिसत होती.

"कोट कितीही चांगला शिवा," ती वैतागून म्हणाली, "मागे बादली ती बादलीच."

मी पुठ्ठ्याची एक भिंत करून दिली. माझं काम तिथून सुरू झालं. तीन पुठ्ठे, मधला रुंद आणि दोन बाजूंचे अरुंद, पुस्तकाच्या पाठीला लावतात तशा कापडी पट्टीने जोडलेले. म्हणजे घडी घालून काखेत मारून नेता येतात. आपले सहा इंच म्हणजे तिथला एक इंच. हे गणित माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. पहिल्या भिंतीवर मी भेटवस्तू गुंडाळायचा फुलांचा कागद लावला, तर एकेक फूल बाहुलीच्या डोक्याएवढं.

"ही बाई इथे राहते, का फुलं हिला खाणार आहेत?" ताईला हसून हसून ठसका लागला.

मग हळूहळू जमत गेलं. जमिनीसाठी आइस्क्रीमच्या काड्या, चहाच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या. दाराच्या मुठी म्हणजे टाचण्यांची डोकी. खिडकीबाहेरचं आकाश अगदी फिकट ठेवायचं, कारण गडद झालं की ते पुढे येतं आणि बाहुलीच्या खांद्यावर बसतं. मोठ्या रस्त्यावरच्या खेळणीवाल्याने हे एकदा पाहिलं आणि आपल्या काचेच्या खिडकीतला एक कोपरा ताईला देऊन टाकला. दर महिन्याला तिथे नवा देखावा लागायचा. येणारीजाणारी माणसं थांबायची. मी ते रस्त्याच्या पलीकडून बघायचो. ताई मात्र सरळ काचेपाशी जाऊन उभी राहायची आणि लोकांना विचारायची, "बरा पडलाय ना हो घेर?"

मग तिच्या डोळ्यांचं सुरू झालं. सुईत दोरा ओवायला वेळ लागायला लागला, ओळखीची माणसं चेहऱ्याऐवजी आवाजावरून कळायला लागली. डॉक्टरांनी तपासलं, यंत्रात हनुवटी टेकवून बघितलं आणि आवाज हळू करून सांगितलं, "नजरेच्या मधोमध डाग आहे. कडेचं दिसत राहील. मधलं परत येणार नाही."

"म्हणजे ज्याच्याकडे बघेन तेच दिसणार नाही?" ताईने विचारलं.

"साधारण तसंच."

"आणि ज्याच्याकडे बघत नाही, ते दिसेल."

डॉक्टरांना वाटलं ती विनोद करते आहे. ते हसले. मीही हसलो, कारण ते हसत होते.

घरी आल्यावर ती टेबलावरच्या देखाव्यासमोर बसली. मागच्याच महिन्यात खिडकीतून परत आणलेला: एक बैठकीची खोली, डाव्या बाजूला पुस्तकांचं कपाट, उजवीकडे पडदा आणि घड्याळ. ती बराच वेळ बघत राहिली.

"वाळवी, तुझं कपाट दिसतंय. पडदा दिसतोय. घड्याळ पण. मध्ये कुणी आहे का रे?"

"आहे."

"कोण?"

"निळ्या कोटातली."

तिने मान हलवली. "इतकी वर्षं तुला मागे राहा, मागे राहा म्हणून दटावलं," ती म्हणाली, "आणि आता बघावं तर तूच तेवढा उरलास."

ती हे हसत म्हणाली. मी चहा ठेवला. आपल्या कामाची स्तुती व्हावी असं मला कधीतरी वाटलं असेल. वाटलं नसेल असं कसं म्हणू? पण अशी व्हावी असं नक्कीच वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला थोडं बाजूला बघायला शिकवलं होतं. वस्तूच्या शेजारी नजर ठेवायची, म्हणजे वस्तू कडेने दिसते. ताई ते करून बघायची आणि चिडायची. "कापडाकडे चोरासारखं बघायचं? कापड लाजेल." तरीही ती थांबली नाही. तिने एक गोष्ट ठरवून टाकली आणि मला समोर बसवून सांगितली.

"बाहुलीला कपडा मीच घालणार. ज्या दिवशी मला घालता येणार नाही, त्या दिवशी खेळणीवाल्याला सांगायचं, आमच्या कोपऱ्यात चेंडू ठेव. तू बाहुलीला हात लावायचा नाहीस. कळलं?"

"कळलं."

"नुसतं कळलं म्हणू नकोस. तू सगळ्यालाच कळलं म्हणतोस."

"हात लावणार नाही," मी म्हणालो.

त्या महिन्याचा देखावा नाट्यगृहाच्या जिन्याचा होता. तिच्याकडे वाइनच्या रंगाचा एक साटीनचा झगा तयार होता, नजर चांगली असताना शिवलेला. नवीन शिवणं आता शक्य नव्हतं. फक्त घालायचा होता. मी जिना करायला घेतला. काड्यापेट्यांच्या पायऱ्या, त्यांवर दागिन्यांच्या जुन्या डबीतली लाल मखमल, कठड्याला पितळी तार. भिंतीवर दोन्ही कडांना मोठे दिवे लावले, मुद्दाम मोठे, मुद्दाम कडांना, तिला दिसावेत म्हणून. हे मी तिला सांगितलं नाही. मागचं मागे राहिलं पाहिजे हा नियम मी मोडत होतो, आणि पुठ्ठा कापताना सारखं वाटत होतं की चुकतो आहे.

कपडा घालायला तिला अख्खी सकाळ लागली. दाराआडून मला तिचा पुटपुटण्याचा आवाज येत होता. "ये गं बाई. हात दे. दुसरा कुठे गेला तुझा?" शेवटी तिची एक रीत होती: कपडा अंगावर बसला की पाठीमागे दोन बारीक टाके घालून तो बाहुलीच्या अंगावरच बंद करायचा, म्हणजे महिनाभर घेर हलत नाही. टाके घालून दोरा तिने दाताने तोडला, आणि मला हाक मारली.

बाहुली टेबलावर उभी होती. झगा उलटा होता.

साटीनची चमकती बाजू आत गेली होती आणि निस्तेज बाजू बाहेर. खांद्यांवर शिवणीच्या बारीक, दाबलेल्या कडा होत्या, खाली दुमडीची रेघ दिसत होती. ताईच्या हाताला हे कळलं कसं नाही, असं कुणी विचारेल. त्याचं कारण ताईच. "आतली बाजू बाहेरच्याइतकीच साफ पाहिजे," असं ती दुकानातल्या पोरींना शिकवायची. तिची शिवण आतून इतकी बारीक आणि दाबून बसवलेली असायची की बोटांना आत कुठलं आणि बाहेर कुठलं कळायला जागाच नसायची. त्यात सुईने जन्मभर टोचून तिच्या बोटांची टोकं राठ झालेली. फरक उरला होता तो फक्त चमकेचा, आणि चमक हाताला लागत नाही.

"कसा बसलाय?" तिने विचारलं. तिचं तोंड माझ्याकडे होतं आणि डोळे माझ्या कानाच्या जरा पलीकडे, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे. कपाळावर घाम होता.

"छान," मी म्हणालो.

"घेर?"

"घेर छान पडलाय."

ती खुर्चीत मागे टेकली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसली. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. जन्मभर पुस्तकं वाचली, पण हवं ते वाक्य हव्या त्या वेळी तोंडातून कधी निघालं नाही.

ती अंघोळीला गेली तेव्हा मी कात्री घेऊन बाहुलीपाशी गेलो. दोन टाके कापायचे, झगा काढून सरळ करायचा, परत घालायचा. हात लावणार नाही म्हणालो होतो ते खरं, पण तिला कळणार कसं? मी बाहुली पालथी केली. टाके वाकडे होते. एक लांब, एक आखूड, आणि मध्ये दोरा कापडात नुसताच अडकून परत बाहेर आलेला, म्हणजे तिथे सुई चुकली असणार. त्या दोन टाक्यांसाठी ती केवढा वेळ बसली असेल याचा मी विचार केला आणि कात्री जागेवर ठेवून दिली.

आता बाहुली बदलणं शक्य नव्हतं. उरली भिंत. माझं तेवढंच कसब.

त्या दुपारी मी नाट्यगृहाचा जिना काढून टाकला आणि त्याच पुठ्ठ्यांवर शिंप्याचं दुकान केलं. कपडा अंगावर घालून बघायची आतली खोली. ट्रायलच्या वेळी कपडा बऱ्याचदा उलटा घालतात. शिवण बाहेर असली की टाचण्या लावून कमीजास्त करता येतं. ताईच्या दुकानात तसंच करायचे, मी लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा पाहिलेलं. चॉकलेटच्या चांदीच्या कागदाचा उभा आरसा केला. कागदाची माप घ्यायची पट्टी कापून खुंटीवर टांगली. दोऱ्याची रिळं म्हणजे पेन्सिलीचे तुकडे, त्यांवर खरा दोरा गुंडाळलेला. बाहुलीच्या पायापाशी ताईच्याच डबीतल्या सगळ्यात बारीक टाचण्या पसरल्या. उलटा झगा अचानक बरोबर दिसायला लागला. मला बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

दुपारची झोप झाल्यावर ताई बाहेर आली, समोर उभी राहिली आणि मान इकडून तिकडे फिरवली.

"जिना कुठे गेला?"

"पायऱ्या जमेनात. सारख्या सुटत होत्या. म्हणून शिंप्याचं दुकान केलं."

"नाट्यगृहाचा झगा घालून शिंप्याच्या दुकानात?"

"ट्रायलला आली आहे."

"तुझ्या पायऱ्या सुटतात?" ती म्हणाली. "तुझी खळ सुटलेली मी आजवर पाहिली नाही. म्हातारा झालास, वाळवी." मग तिने कडेकडेने बघत एकेक वस्तू ओळखली. "पट्टी. ही खुंटी. ही रिळं ना? अरे, हे आमचंच दुकान केलंस की." तिचा आवाज जरा बदलला. "छान केलंयस."

मी टेबलावरचे पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करायला लागलो.

खेळणीवाल्याने देखावा खिडकीत लावला. काही दिवसांनी, ऊन उतरल्यावर, मी ताईला घेऊन बघायला गेलो. जायचं टाळायची कारणं मी शोधली होती, पण ताईला घरातून निघायचं असलं की कारणं चालत नाहीत. तिने माझा दंड धरला होता. काचेपाशी एक बाई आणि तिची शाळकरी मुलगी उभी होती. ताईने नेहमीप्रमाणे काचेजवळ तोंड नेलं.

"आई, हिने ड्रेस उलटा घातलाय," मुलगी म्हणाली.

"अगं, मुद्दाम घातलाय," आई म्हणाली. "शिंप्याकडे ट्रायलला असाच घालतात. बघ, खाली टाचण्या पण ठेवल्यात. केवढा बारकावा!"

माझ्या दंडावरची बोटं हलली नाहीत. घट्टही झाली नाहीत, सैलही नाहीत. तेवढ्यात खेळणीवाला बाहेर आला.

"ताई, या वेळी तुम्ही कमाल केलीत! उलटा झगा! सगळे विचारतायत, सुचतं कसं म्हणून. आणि काका, तुमची भिंत तर काय सांगू!"

"हो का," ताई म्हणाली. "सुचतं हो असंच कधीतरी."

"या ना आत, चहा सांगतो."

"आज नको. याला घरी काम आहे."

आम्ही निघालो. रस्त्यावर गर्दी होती, सायकली होत्या, एका दुकानाचं शटर कुणीतरी खडखडत खाली ओढत होतं. फुटपाथ उंचसखल होता आणि प्रत्येक खड्ड्यापाशी मी "खड्डा" म्हणत होतो, "पायरी" म्हणत होतो. तेवढंच बोलणं चाललं होतं.

बेकरीचं वळण आलं तेव्हा ती म्हणाली, "कधी कळलं तुला?"

"तू विचारलंस तेव्हाच."

"आणि छान म्हणालास."

"हो."

"घेर छान पडलाय म्हणालास."

"घेर खरंच छान पडला होता, ताई."

ती हसली नाही. "मग ते दुकान त्याच्यासाठी. पायऱ्या बियऱ्या सगळ्या थापा. मी मूर्खासारखी म्हणतेय, आमचंच दुकान केलंस." चार पावलं पुढे जाऊन ती म्हणाली, "या वेळी उलटा घातला, तू शिंपी आणलास. पुढच्या वेळी मागचं पुढे घालीन, मग काय आणशील? डोकं खाली पाय वर घालीन, तर सर्कस करशील?"

 खरं सांगायचं तर, सर्कस कशी करता येईल हे माझ्या डोक्यात येऊन गेलं. आणि ते येऊन गेलं याची मला भीती वाटली.

घरी आल्यावर ती चपला न काढताच टेबलापाशी बसली. "दुसरी बाहुली दे. आणि तो पिवळा, लांब बाह्यांचा."

"आता? जरा थांब ना. जेवू आणि मग..."

"दे."

मी दिला. पिवळा झगा, करंगळीएवढ्या बाह्यांचा.

"आता तू समोर बसायचं," ती म्हणाली. "हात पाठीमागे घे. घेतलेस? पुठ्ठ्याला शिवायचं नाही, बाहुलीला शिवायचं नाही. मी विचारीन तेव्हा खरं सांगायचं. सरळ असेल तर सरळ, उलटं असेल तर उलटं. छान म्हणालास तर घरातून हाकलीन, पुस्तकांसकट."

तिने झगा हातात घेतला, गालाला लावला, ओठांना लावला. मग बाहुलीच्या डोक्यावरून ओढला. हात बाहीत घालायला पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागला. बाहुलीची बोटं कापडात अडकत होती. तिने तो खाली नीट ओढला आणि तोंड वर केलं.

"सरळ आहे?"

"उलटा आहे."

"बरं." तिने काढला. कपडा सरळ करायचा म्हणजे आतून बोट घालून बाही बाहेर खेचायची. त्या बाहीत तिचं बोट जाईना. पेन्सिलीचं मागचं टोक घालून तिने ती ढकलली. परत घातला. बाहेर दिवे लागले होते. मी उठून दिवा लावू का, असं विचारणार होतो, पण दिव्याचा काही उपयोग होता का ते मला माहीत नव्हतं.

"आता?"

"अंग सरळ झालं. डावी बाही आत राहिली."

"डावी तिची का तुझी?"

"तिची."

ती पुन्हा लागली. कापड कुठेतरी टरकल्याचा बारीक आवाज आला. आम्ही दोघांनीही तो ऐकला. माझे हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले होते आणि दुखायला लागले होते. त्या बाहीचं तोंड मला स्पष्ट दिसत होतं. एका चिमटीचं काम होतं.

"आता सांग."

बाही आली होती. पण गळ्याची खोल बाजू पाठीवर गेली होती. सगळा झगा मागचा पुढे बसला होता. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या कानाच्या पलीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की या वेळी जमलं असणारच.

"सांग ना. जीभ गिळलीस का?"

"बाह्या आल्या," मी म्हणालो. "पण मागचं पुढे झालंय, ताई."

तिने मान हलवली. झग्याची खालची कड चाचपडत शोधली, आणि तो परत डोक्यावरून काढायला घेतला.